ओव्हरमध्ये न सांगितलेली गोष्ट: नर्सेसमधला छळ ओळखण्यापासून थांबवण्यापर्यंत

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं, संपते आणि रात्रपाळीच्या सिस्टर घरी जातात. तासाभराने डॉक्टर नव्या स्टाफ नर्सला विचारतात, "यांना सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवायचं होतं ना? नाश्ता कसा दिला?" तिला हे कोणी सांगितलेलंच नसतं. एकदा झालं तर ते विसरणं. पण सांगायचं राहतं ते नेहमी त्याच सीनियरकडून आणि त्याच ज्युनियरला, बाकी सगळ्यांना मात्र ओव्हर नीट मिळते, असं असेल तर ते विसरणं नव्हे. कामाच्या ठिकाणचा छळ मोजायला जगभर वापरली जाणारी 'निगेटिव्ह ॲक्ट्स क्वेश्चनेअर' नावाची प्रश्नावली आहे. तिच्यातलं पहिलंच विधान याबद्दल आहे: तुमच्या कामावर परिणाम होईल अशी माहिती कोणीतरी तुमच्यापासून दडवून ठेवणं.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांना हे सोसावं लागतंय त्यांच्यासाठी, जे हे बघतात आणि गप्प राहतात त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या हातात वॉर्ड आहे त्यांच्यासाठी. छळ हा 'स्वभावाचा' प्रश्न आहे असं समजून आपण फार वर्षं घालवली. तो ओव्हर, ड्युटी लिस्ट, पेशंटची वाटणी अशा रोजच्या कामाच्या आडून चालतो. म्हणून त्याची नोंदही कामाच्या भाषेतच करायची, आणि तो थांबवायचाही कामाची पद्धत बदलून.

पायरी १: हे नक्की काय आहे, ते ठरवा

नर्सेसमधल्या छळात आरडाओरडा कमीच असतो. जड पेशंट उचलायला हाक मारली की कोणी येत नाही. सगळ्यात अवघड पेशंट रोज एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात. मागितलेला ऑफ शेवटच्या क्षणी रद्द होतो, तोही ठरावीक माणसाचाच. नातेवाइकांसमोर चूक काढली जाते. आपण स्टाफरूममध्ये शिरताच बोलणं थांबतं. वॉर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपल्याला घेतलेलंच नसतं.

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे पुन्हा पुन्हा होतंय का? समोरच्या व्यक्तीला मी तितक्याच मोकळेपणाने उत्तर देऊ शकते का, की तिच्या हातात माझी ड्युटी, माझा अहवाल किंवा सगळा गट आहे? जो नियम मला लावला जातोय, तोच इतरांना लावला जातो का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि बाकी दोन्हींचं 'नाही' असेल, तर त्याला छळ म्हणायला कचरू नका.

उलट बाजूही पाहा. पेशंट कोलॅप्स झालेला असताना सीनियर जोरात ओरडली, तर तो छळ नाही. औषध देण्याआधी पाचही गोष्टी (पेशंट, औषध, डोस, देण्याचा मार्ग, वेळ) तपासल्याच पाहिजेत म्हणून ती सगळ्यांच्याच मागे लागत असेल, तर ती शिस्त आहे. कडक आणि छळणाऱ्या सीनियरमध्ये फरक ओळखण्याची माझी खूण साधी आहे: कडक सीनियरकडून तुम्ही काहीतरी शिकून घरी जाता.

सत्ता म्हणजे फक्त हुद्दा नव्हे. वीस वर्षं एकाच वॉर्डमध्ये असलेल्या स्टाफ नर्सचा शब्द कधीकधी नव्या इन्चार्जपेक्षा, म्हणजे वॉर्डप्रमुख नर्सपेक्षा, जड असतो. नवी इन्चार्ज आणि तिच्याविरुद्ध एकवटलेला स्टाफ, असाही छळ होतो.

स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन यांनी 1980 च्या दशकात या विषयाच्या अभ्यासाचा पाया घातला. त्यांनी मोजमापासाठी एक कसोटी ठरवली होती: आठवड्यातून किमान एकदा, आणि किमान सहा महिने. ती संशोधनासाठी होती. तक्रार करायला सहा महिने थांबलं पाहिजे असा तिचा अर्थ कुणी तुम्हाला सांगितला, तर मान्य करू नका.

आकडे काय सांगतात, आणि ते कसे वाचायचे

"हे माझ्याच बाबतीत का?" हा प्रश्न माणसाला आतून पोखरतो, म्हणून आकडे माहीत असावेत. ब्रिटनमध्ये लिन क्वाइन यांनी एका सार्वजनिक आरोग्य ट्रस्टमधल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. 2001 मध्ये त्यातून नर्सेसबद्दल प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 44 टक्के नर्सेसनी मागच्या वर्षभरात छळाचा किमान एक प्रकार अनुभवला होता. इतर कर्मचाऱ्यांत हे प्रमाण 35 टक्के होतं. कॅनडात हेदर लाशिंगर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये नव्यानेच पास झालेल्या 415 नर्सेसची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात 33 टक्के छळाच्या व्याख्येत बसल्या. 2014 मध्ये पॉल स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी 136 अभ्यास, म्हणजे दीड लाखाहून जास्त नर्सेसची माहिती एकत्र केली. त्यात छळ सोसलेल्यांचं प्रमाण 39.7 टक्के आलं.

पण कोणी असा आकडा तोंडावर फेकला की एक प्रश्न जरूर विचारा: विचारलं कसं होतं? नॉर्वेतल्या मॉर्टन निल्सन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांतले अभ्यास तपासले. व्याख्या वाचून दाखवून "तुमचा छळ झाला का?" असं विचारलं तर 11.3 टक्के 'हो' म्हणतात. व्याख्या न देता तोच प्रश्न विचारला तर 18.1 टक्के. एकेक वागणूक मोजली तर 14.8 टक्के. म्हणून दोन हॉस्पिटलांचे आकडे शेजारी ठेवून "आमच्याकडे कमी आहे" असं म्हणण्यात अर्थ नसतो. एकाच जागी, एकाच पद्धतीने, पुन्हा मोजलं तर बदल कळतो.

हे का होतं, याबद्दल दोन मतं

1983 मध्ये सुझन रॉबर्ट्स यांनी मांडलं की नर्सेस हा दबलेला गट आहे. वरच्यांवर राग काढता येत नाही, म्हणून तो आपल्यातल्याच दुबळ्यांवर निघतो. 1986 मध्ये ज्युडिथ माइसनर यांनी एका लेखात सरळच विचारलं, नर्सेस आपल्याच पिल्लांना खातात का? ते वाक्य इतकं गाजलं की आज पहिल्या दिवशी आलेल्या मुलीलाही ते ऐकवलं जातं. आपल्याकडचं 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' हे गणित वॉर्डमध्येही चालतं: आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा.

दुसरं मत ऑस्ट्रेलियातल्या मेरी हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्यांचं म्हणणं असं की सगळा दोष 'नर्सेस अशाच असतात' यावर टाकला की संस्था मोकळी सुटते. छळ करणाऱ्यांचे आपसात लागेबांधे असतात, बढतीत आणि चौकशीत ते एकमेकांना सांभाळून घेतात, आणि ड्युटी लिस्ट किंवा कामाचं मूल्यमापन यांसारखी अधिकृत साधनंच हत्यारासारखी वापरली जातात. मला हे मत जास्त पटतं. पहिल्या मतातून रागाचं मूळ कळतं. दुसऱ्यातून मात्र उद्या सकाळी नेमकं काय बदलायचं ते कळतं.

पायरी २: नोंद ठेवा, आणि ती आजच सुरू करा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण यापेक्षा जास्त उपयोगी काहीच नाही. तक्रार ऐकणारा माणूस एकेक प्रसंग ऐकतो, आणि सुटा घेतला की प्रत्येक प्रसंग क्षुल्लक वाटतो. "ओव्हर दिली नाही, एवढंच ना?" त्यातलं सूत्र फक्त नोंदीतून दिसतं.

वही स्वतःची असू द्या, आणि ती घरी ठेवा. वॉर्डच्या रजिस्टरमध्ये किंवा हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर काही लिहू नका. ड्युटी संपली की त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ, कोणती पाळी, कोण काय बोललं ते शब्दशः, समोर कोण होतं, त्यानंतर तुम्ही काय केलंत, आणि कामावर किंवा पेशंटवर काय परिणाम झाला. विशेषणं टाळा. "ती मुद्दाम अपमान करते" असं लिहिण्यापेक्षा ही नोंद पाहा: "सकाळपाळी, साडेआठ. कॅथेटर लावताना नातेवाइकांसमोर म्हणाल्या, 'हिला कुणी पास केलं?' हजर: दोन स्टाफ, एक स्टुडंट. मी काही बोलले नाही. त्यानंतरच्या प्रोसीजरला मदतनीस मागितला नाही, एकटीने केली." या नोंदीवर वाद घालणं अवघड आहे.

दोन गोष्टी सांभाळा. पेशंटचं नाव, केस पेपरचा फोटो किंवा कोणाला ओळखता येईल असा तपशील वहीत नको. गोपनीयता मोडलीत तर चौकशी तुमच्यावरच उलटेल. आणि चोरून आवाज रेकॉर्ड करण्याआधी तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते जाणकाराला विचारा. मेसेज, ड्युटी लिस्टच्या बदललेल्या प्रती, रद्द झालेले रजेचे अर्ज मात्र जपून ठेवा.

पायरी ३: वाक्यं आधीच तयार ठेवा

अपमानाच्या क्षणी डोकं बधिर होतं, आणि काय बोलायला हवं होतं ते रात्री अंथरुणात सुचतं. यावर अमेरिकेत मार्था ग्रिफिन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेला एक उपाय आहे. बॉस्टनमधल्या 26 नव्या नर्सेसना त्यांनी नेहमी घडणाऱ्या दहा वागणुका आणि प्रत्येकीवरची उत्तरं शिकवली, ती घोकून घेतली, आणि छोट्या कार्डांवर छापून दिली. वर्षभराने त्या नर्सेस म्हणाल्या की समोरासमोर बोलणं जड गेलं, पण त्यानंतर तसं वागणं थांबलं. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही कल्पना पक्की आहे: वाक्य आधीच तोंडात बसलेलं असलं की भीती वाटत असतानाही ते बाहेर पडतं.

मी वापरते ती वाक्यं देते. तुमच्या तोंडी बसतील तशी बदला आणि आरशासमोर मोठ्याने म्हणा.

डोळे फिरवले, सुस्कारा टाकला: "सिस्टर, काही सांगायचंय का? मला थेट सांगा, चालेल."

लोकांसमोर झापलं: "चूक समजून घ्यायची आहे मला. पेशंटसमोर नको, ट्रीटमेंट रूममध्ये सांगा."

ओव्हरमध्ये गाळलं: "यांना उपाशी ठेवायचंय हे ओव्हरमध्ये आलं नव्हतं. आजपासून मी प्रत्येक पेशंटचं औषध, आहार आणि तपासणी विचारून घेईन."

मागे बोलणं चाललंय: "ती इथे नाहीये, तिच्याबद्दल मी बोलणार नाही."

आवाज सपाट ठेवा. एक वाक्य बोला आणि थांबा. स्पष्टीकरण देत बसलात की वाद सुरू होतो, आणि वादात सीनियर जिंकते. समोरच्याच्या हातात तुमची ड्युटी लिस्ट असेल, किंवा एकदा बोलल्यावर त्रास वाढला असेल, तर ही पायरी सोडून पुढे जा. समोरासमोर न बोलणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

पायरी ४: पेशंटचा प्रश्न कधीही गिळू नका

माझ्या पहिल्या वर्षातली एक रात्र मला अजून बोचते. एका औषधाच्या डोसबद्दल शंका होती. सीनियरला विचारलं तर उत्तर आलं, "एवढंही येत नाही? मग आलीस कशाला?" त्या रात्री मी पुस्तक काढून डोस तपासला आणि सगळं नीट झालं. पण त्यानंतर कित्येक आठवडे मी तिला काहीही विचारलं नाही. त्या आठवड्यांत माझ्या हातून काय होऊ शकलं असतं, याचा विचार मी आजही करते.

हा एकटीचा अनुभव नव्हता हे मला पुढे कळलं. सुरक्षित औषधवापरावर काम करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने 2003 मध्ये दोन हजारांहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारलं होतं. 49 टक्के म्हणाले की धाकदपटशाच्या अनुभवामुळे औषधाच्या ऑर्डरबद्दल शंका विचारण्याची त्यांची पद्धतच बदलली. 7 टक्के म्हणाले की मागच्या वर्षात ज्या औषधचुकीशी त्यांचा संबंध आला, तीत या धाकाचा स्पष्ट हात होता. इस्राएलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतल्या 24 पथकांवर झालेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. काही पथकांना पाहुण्या तज्ज्ञाकडून तुच्छतेची वाक्यं ऐकवली गेली. त्या पथकांचं निदान आणि हाताचं काम, दोन्ही घसरलं. आणि तो उद्धटपणा महिनोनमहिने चाललेला नव्हता, एका बैठकीपुरताच होता.

म्हणून नियम करा: डोस, ऑर्डर, रक्तगट, ॲलर्जी यांबद्दल शंका असेल तर अपमान होणार हे दिसत असतानाही विचारायचंच. अमेरिकेतल्या 'टीमस्टेप्स' प्रशिक्षणातली तीन टप्प्यांची पद्धत इथे उपयोगी पडते. आधी "मला काळजी वाटतेय." ऐकलं नाही तर "मला हे बरोबर वाटत नाही." तरीही नाही तर "यात पेशंटला धोका आहे, मी थांबतेय," आणि वरच्यांना बोलवायचं. त्या बोलण्यात स्वतःच्या अपमानाचा विषय काढू नका. तो वहीत जाईल.

बघणाऱ्यांनी काय करायचं

क्वाइन यांच्याच 1999 च्या अहवालात 42 टक्के कर्मचाऱ्यांनी दुसऱ्याचा छळ पाहिल्याचं सांगितलं होतं. म्हणजे वॉर्डमध्ये साक्षीदार भरपूर असतात. तुम्हाला भांडायची गरज नाही. जिला झापलं जातंय तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहा. "सिस्टर, सात नंबरला मदत हवीय, हिला नेते," म्हणून तिला तिथून काढा. नंतर तिला इतकंच सांगा, "मी पाहिलं. ते तुझ्या मनाचे खेळ नव्हते." आणि तीच तारीख घालून तुमच्याही वहीत दोन ओळी लिहा. दोन वह्यांत एकच प्रसंग सापडला की चौकशीचं चित्र बदलतं.

पायरी ५: तक्रार

तक्रार एका पानाची असावी. पहिल्या परिच्छेदात सूत्र: "गेल्या तीन महिन्यांत अकरा वेळा मला अपुरी ओव्हर दिली गेली, त्यांपैकी चार वेळा पेशंटच्या उपचारात अडचण आली." मग निवडक चार-पाच तारखा. मग आधी काय प्रयत्न केलेत. शेवटी तुम्हाला काय हवंय ते, अगदी नेमकं: वेगळी पाळी, बेडजवळ उभं राहून ओव्हर, वॉर्डबाहेरच्या व्यक्तीकडून चौकशी. "न्याय मिळावा" असं लिहिलंत तर समोरचा काय करणार?

त्रास इन्चार्जकडूनच असेल तर तक्रार थेट मेट्रनकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य नर्सकडे, किंवा त्याही वर द्या. पोच घ्या. पेशंटवर परिणाम झालेला प्रसंग वेगळ्या इन्सिडेंट रिपोर्टमध्ये, म्हणजे घटनेच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये, भरा, कारण तो कागद वेगळ्या टेबलावर जातो आणि दाबायला अवघड असतो. "दोघी समोरासमोर बसा आणि मिटवा" असा प्रस्ताव आला तर सोबत कोणीतरी असल्याशिवाय बसू नका. एकीच्या हातात सत्ता असताना मिटवणं म्हणजे बहुतेक वेळा दुसरीला गप्प करणं असतं. कर्मचारी संघटना असेल तर तक्रार देण्याआधीच तिच्याशी बोला.

लैंगिक स्वरूपाचं बोलणं किंवा स्पर्श, मारहाण, धमकी यांसाठी पुन्हा पुन्हा घडण्याची वाट बघायची नसते. पहिल्याच वेळी त्यासाठीच्या वेगळ्या यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे जा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2019 मध्ये कामाच्या जगातल्या हिंसा आणि छळाविरुद्ध करार क्रमांक 190 स्वीकारला, आणि तो 25 जून 2021 पासून लागू झाला. त्याच्या कक्षेत शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थीही येतात. तो बंधनकारक असतो तो मान्यता दिलेल्या देशांवर. पण "स्टुडंट नर्सची कसली तक्रार?" असं म्हणणाऱ्यासमोर ठेवायला हा आधार सगळीकडे आहे.

तक्रारीनंतरही वही चालू ठेवा. अचानक बदललेल्या पाळ्या, अचानक सापडू लागलेल्या चुका, सगळं लिहा.

दरम्यान स्वतःकडे पाहा. ड्युटीच्या आदल्या रात्री झोप न लागणं, युनिफॉर्म घालताना मळमळणं, सुटीच्या दिवशीही तेच डोक्यात फिरणं, ही शरीराची तक्रार आहे. डॉक्टरांना दाखवा, आणि कारण खरं सांगा म्हणजे ते कागदावर येईल. जगणं नकोसं वाटत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ता, याच क्षणी, विश्वासातल्या माणसाला किंवा मदतवाहिनीला फोन करा. वॉर्ड बदलून घेणं, नोकरी सोडणं यात हार नाही. मी चांगल्या चांगल्या नर्सेसना केवळ हट्टापायी आजारी पडताना पाहिलंय.

ज्यांच्या हातात वॉर्ड आहे, त्यांच्यासाठी

तुमच्याकडे तक्रारी येत नाहीत म्हणून समाधान मानू नका. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलच्या विभागांतल्या औषधचुका तपासल्या. ज्या विभागांत माणसं एकमेकांशी मोकळी होती, तिथे चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. तिथे चुका सांगितल्या जात होत्या, इतरत्र लपवल्या जात होत्या. छळाचंही तसंच आहे. म्हणून तक्रारींऐवजी दुसरीकडे पाहा: कोणत्या पाळीत आजारपणाच्या रजा वाढतात, कोणाच्या हाताखालच्या ज्युनियर बदली मागतात.

मग छळाला लपायला जागा देणाऱ्या तीन गोष्टी उघड्यावर आणा. ओव्हर पेशंटच्या बेडजवळ आणि ठरलेल्या क्रमाने: सध्याची स्थिती, आधीची माहिती, तपासणीत काय आढळलं, पुढे काय करायचं. ड्युटी लिस्ट पुरेशी आधी लावा, आणि बदल केला तर कारण लिहा. पेशंटची वाटणी भिंतीवर लावा, म्हणजे अवघड पेशंट कोणाला किती वेळा मिळाले ते सगळ्यांना दिसेल. नुसतं "एकमेकींशी नीट वागा" असं व्याख्यान देऊन यातलं काहीच होत नाही.

कॅनडातल्या हॉस्पिटलांत 'क्रू' नावाचा कार्यक्रम आठ विभागांत सहा महिने चालवला गेला. स्टाफ नियमित एकत्र बसून आपल्याच विभागातल्या वागणुकीबद्दल बोलायचा. 33 इतर विभागांशी तुलना केली तर सौजन्य आणि विश्वास वाढला, गैरहजेरी कमी झाली. पण वैद्यकीय पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेच्या 2017 च्या आढाव्याला छळ रोखण्याच्या उपायांवरचे निकषांत बसणारे अभ्यास सापडले फक्त पाच, आणि पुरावा अगदी कमी दर्जाचा ठरला. त्यामुळे कोणी हमखास गुण देणारं प्रशिक्षण विकायला आलं तर पुरावा मागा.

आणि स्वतःला एकदा विचारा: मागच्या महिन्यात ज्युनियरने मला प्रश्न विचारला तेव्हा माझा चेहरा कसा होता?

पाहणी करायची असेल तर

निगेटिव्ह ॲक्ट्स क्वेश्चनेअरच्या सुधारित आवृत्तीत 22 वागणुका आहेत. गेल्या सहा महिन्यांत प्रत्येक गोष्ट किती वेळा झाली हे 'कधीच नाही' पासून 'रोज' पर्यंत विचारलं जातं, आणि त्या 22 विधानांत 'छळ' हा शब्दच येत नाही. ती नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या स्टाले आयनार्सन यांच्या गटाची आहे. वापरण्याआधी त्यांची परवानगी आणि तुमच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या.

लहान वॉर्डमध्ये नाव न विचारताही माणूस ओळखू येतो. एकच पुरुष नर्स असेल तर लिंग विचारू नका. नोकरीची नेमकी वर्षं विचारू नका, 'पाच वर्षांपर्यंत' आणि 'त्याहून जास्त' एवढं पुरे. भरलेले कागद इन्चार्जने गोळा करू नयेत, बंद पेटी वॉर्डच्या बाहेर ठेवा. एकेका वॉर्डचे निकाल जाहीर करू नका, तीन-चार वॉर्ड मिळून दाखवा. निकाल आधी स्टाफला सांगा, मग व्यवस्थापनाला. काय बदलणार ते त्याच बैठकीत तारखेसह लिहून घ्या, आणि सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा वाटा. बदल करायची तयारी नसेल तर पहिल्यांदाही वाटू नका. एकदा विश्वासाने सांगून काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी ती पेटी रिकामीच येते.